चोवीस घरं

मरोळला, तिसऱ्या मजल्यावर.
खाली पत्रे कापायचा कारखाना,
वर उतरणाऱ्या विमानांची पोटं,
मधे आम्ही सात जण
आणि चारशे बारा कामं.

सगळी तातडीची.
आधी तातडीला लाल रंग होता.
मग सगळंच लाल झालं, म्हणून गडद लाल आणला,
मग गडद लालावर उद्गारचिन्ह.
ज्या लग्नात सगळेच नवरदेव
त्यात अक्षता टाकायच्या कुणावर,
शर्विल विचारतो
आणि कुणी हसत नाही.

मीही नाही. मी टीम लीड.
रोज दहाला उभ्याउभ्या विचारते,
काल काय, आज काय, अडलंय कुठे.
जोविता सांगते, तिन्ही कामं निम्मी झाली.
परवाही तिन्ही निम्मीच होती.
निम्म्याचं निम्मं करत गेलं
तर शून्य कधीच येत नाही,
हे आम्ही शाळेत शिकून विसरलेलो.

दिलशाद कोड लिहीत असतो तेव्हा
त्याच्या खांद्याला कुणीतरी बोट लावतं,
दोनच मिनिटं.
तो वळतो.
त्याच्या डोळ्यांत मला
उघडा राहिलेला कंस दिसतो.

गुरुवारी विक्री विभागाच्या पेठेंचा फोन.
बटणाचा निळा
मोठ्या गिऱ्हाइकाला थंड वाटतो.
मी हो म्हटलं.
हो म्हणताना जीभ जागची हलत नाही.
नाही म्हणायचं तर
तिला दातांपर्यंत जावं लागतं.

शुक्रवारी मानखुर्दच्या लॅबमध्ये गेले,
नव्या डॅशबोर्डचं कौतुक सांगायला.
काउंटरवर रुखसाना तांबोळी
छापून आलेल्या एकेका अहवालावर
निळ्या पेनानं काहीतरी लिहीत होती.
काय लिहिता?
नावं, ती म्हणाली. मान वर न करता.
तुमच्या मशीनला चोवीसच घरं,
काना, मात्रा, मधली जागा, सगळं धरून.
पुढचं मी भरते.

कागद माझ्याकडे फिरवला तिनं :
सुलोचनाबाई ज्ञानेश्वर का
आणि त्याला चिकटून, पेनानं, ळोखे.

कधीपासून?
सात महिने. दिवसाला दीडशेएक.
तक्रार केली होती की. उत्तरही आलं,
नोंद घेतली आहे.

ते उत्तर माझं होतं.
तिकीट अकराशे सत्त्याऐंशी, रंग राखाडी,
प्राधान्य : कमी.
डॅशबोर्ड मी दाखवलाच नाही.
चहा आला, तो प्यायले.

सोमवारी फळ्यावरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून
बिस्किटांच्या डब्यात भरल्या.
डब्याचं झाकण बसेना,
शर्विलनं त्यावर डिक्शनरी ठेवली.
फळ्यावर एक चिठ्ठी राहिली, राखाडी.
सगळ्यांना वाटलं, मी विसरले काढायला.

दिलशादच्या खांद्याला त्या दिवशी
कुणी हात लावला नाही.
अकरा मिनिटं लागली.
एक आकडा बदलायचा होता,
दुसरा तपासायचा.
मग जोवितानं शोधून शोधून
लांबलचक नावं छापली,
वसईतल्या तिच्या आत्याचंही,
तीन आजोबांसकट,
आणि ती पुरी उमटली.

अकरा मिनिटं आणि सात महिने.
ही वजाबाकी मी कुणाला दाखवली नाही.

संध्याकाळी खिडकीतून
विमानांचे दिवे, एकामागे एक, आकाशात ताटकळलेले.
प्रत्येकात कुणाला तरी घाई असणार.
चाकं टेकत होती एकाचीच.

डबा अजून माझ्या टेबलाखाली आहे,
पाय लागला की खुळखुळतो.
नवीन चिठ्ठी काढायला हात घातला
की मला न भेटलेल्या एक बाई
अर्धवट तुटलेल्या आडनावानं विचारतात,
का?

कधी उत्तर असतं. कधी चिठ्ठी परत टाकते.
पेठे बोलत नाहीत माझ्याशी.
निळा अजून थंडच आहे.